चार तास शाळेचे, वीस तास घराचे

भिवंडी तालुक्यात जून महिना हा दोन पेरण्यांचा महिना होय. पहिल्या पावसाबरोबर राबाच्या जमिनीत भाताचे बी टाकले जाते आणि त्याच सुमारास प्राथमिक शाळांची दारे उघडून पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसतात. बी टाकले की काम संपले, असे शेतकरी कधीही मानीत नाही. आवणी, बेणणी, पाण्याची राखण ही कामे त्याला पुढे चार महिने करावी लागतात. मुलाच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी पुष्कळदा वेगळा विचार करतो. शाळेत नाव घातले, गणवेश आणि पुस्तके मिळाली, की पुढची जबाबदारी गुरुजींची, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कोठे अपुरी पडते आणि घराने नेमके काय केले असता शाळेचे काम फळास येते, याचा विचार शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य या सर्वांनी करणे अगत्याचे आहे.

खारबाव हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गाव. वसई रोड ते दिवा या रेल्वेमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्या दरम्यान खारबावचे स्थानक लागते. एका बाजूस यंत्रमागांची भिवंडी, दुसऱ्या बाजूस वसई, दक्षिणेस खाडी आणि मधल्या पट्ट्यात भातशेती, अशी या परिसराची रचना आहे. गेल्या काही दशकांत तालुक्यात मोठमोठी गोदामे उभी राहिली आणि कालचा शेतकरी आज गोदामात हमाली, मोजदाद किंवा वाहनचालकाचे काम करू लागला. परिसरात आगरी, कोळी, कुणबी आणि आदिवासी कुटुंबांची वस्ती आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामासाठी बाहेरगावची कुटुंबेही येतात. एकाच वर्गात शेतकऱ्याचा मुलगा, गोदाम कामगाराची मुलगी आणि भट्टीवरच्या झोपडीतून आलेले मूल शेजारी शेजारी बसलेले आढळावे, अशी ही परिस्थिती आहे. म्हणूनच घर आणि शाळा यांच्या नात्याचा विचार करण्यासाठी खारबावसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल.

सक्तीकडून सहभागाकडे

मुलांना शाळेत पाठविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात हा प्रयोग अमलात आणला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला होता. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

या सर्व प्रयत्नांत पालकाकडे पाहण्याची दृष्टी एकच होती. पालक हा शिक्षणाच्या मार्गातील अडथळा आहे आणि तो कायद्याने दूर केला पाहिजे, अशी ती दृष्टी. परिस्थितीनुसार ती योग्यही होती. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे ध्येय राज्यापुढे ठेवले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्याच दुरुस्तीने आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी मिळवून देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद झाले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थच बदलला. ही सक्ती आता मुख्यतः शासनावर आहे. जवळच्या अंतरावर शाळा उपलब्ध करून देणे, शिक्षक नेमणे, मुलाची उपस्थिती राहील हे पाहणे ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची बंधने झाली. पालकाला दंड करण्याऐवजी त्याला शाळेच्या व्यवस्थापनात स्थान देण्यात आले. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे हा कायदा सांगतो.

स्थान मिळाले, परंतु त्या स्थानावर बसून करावयाचे काय, हे पालकाला कोणी फारसे समजावून दिले नाही. खरी उणीव तेथे आहे.

वेळेचा हिशेब

याच कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. दिवसाला सरासरी चार तास असा त्याचा अर्थ. वर्षाचे एकूण तास ८,७६०. म्हणजे शाळेच्या वाट्याला साधारणपणे अकरावा हिस्सा येतो. उरलेले दहा हिस्से मूल घरात, अंगणात, शेतावर, खाडीकाठी आणि झोपेत घालविते. जे शाळेत पेरले जाते ते रुजावयाचे ते या दहा हिश्श्यांत.

हाच हिशेब उपस्थितीला लावून पाहावा. शाळेचा आठवडा सहा दिवसांचा धरला आणि मूल आठवड्यातून केवळ एक दिवस घरी राहिले, तर वर्षअखेर सुमारे ३३ दिवस बुडतात. पाच वर्षांत हा आकडा १६५ वर जातो. २०० दिवसांच्या शालेय वर्षाचे हे चार पंचमांशाहून अधिक आहे. असे मूल कागदोपत्री पाचवीत असते, त्याचे शिकणे मात्र चौथीच्या आसपास थांबलेले असते. पालकाला हे जाणवत नाही, कारण एकेका दिवसाचे कारण त्या त्या दिवशी खरे आणि रास्त वाटते. आवणीच्या दिवसांत धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे असते; लग्नसराईत वऱ्हाडाबरोबर जावयाचे असते; आठवड्याच्या बाजाराला आईबरोबर कोणीतरी हवे असते. या कामांत मुलीच अधिक अडकतात, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही. हातच्याच्या बेरजेचा पहिला पाठ ज्या दिवशी झाला, त्या दिवशी मूल घरी असेल, तर पुढचे आठ दिवस ते फळ्यावरील आकडे उतरवून घेते, पण हातचा कोठून आला हे त्याला कळत नाही. न कळणारी गोष्ट करीत बसण्याचा कंटाळा येतो, कंटाळ्यातून पोट दुखू लागते आणि पोटदुखीतून आणखी एक दिवस बुडतो. शाळा सोडून देण्याची सुरुवात बहुधा अशीच, कोणाच्या लक्षात न येता होते.

वर्गाची अपेक्षा काय?

प्राथमिक वर्गाची मुलाकडून अपेक्षा काय असते, हे पालकाला विचारले तर ‘अक्षर सुंदर असावे, पाढे पाठ असावेत, इंग्रजी यावे’ अशी उत्तरे मिळतात. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण ती अपुरी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, यास सर्वाधिक अग्रक्रम दिला. त्यासाठी ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ हे अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ हे वर्ष लक्ष्यपूर्तीचे म्हणून ठरले. अभियानाने ठरविलेली इयत्तावार लक्ष्ये कोणत्याही पालकाला समजतील अशी आहेत.

पहिलीच्या अखेरीस मुलाला चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचता यावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी करता यावी. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या ओळखता याव्यात. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचता यावेत, ९,९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात आणि गुणाकाराची साधी उदाहरणे सोडविता यावीत.

मिनिटाला ६० शब्द या अटीमागे साधे कारण आहे. जे मूल एकेक अक्षर जोडीत अडखळत वाचते, त्याला वाक्याच्या शेवटी येईपर्यंत वाक्याचा आरंभ आठवत नाही. वाचनाला पुरेसा वेग आला म्हणजे मन अक्षरांतून मोकळे होऊन अर्थाकडे वळते. तिसरीपर्यंत मूल वाचावयास शिकते आणि त्यानंतर वाचून शिकते. परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान हे सारे विषय पुढे वाचनावरच उभे राहतात. तिसरीत वाचन कच्चे राहिले तर चौथीपासून सर्वच विषय एकाच वेळी कच्चे होतात; आणि मग पालक म्हणतो की मुलाचे डोके चालत नाही. पाचवी आणि आठवीच्या अखेरीस राज्यात आता वार्षिक परीक्षा घेतली जाते. ही कमतरता तेव्हा उघड होते, पण तोपर्यंत दोन-तीन वर्षे निघून गेलेली असतात.

याखेरीज वर्गाच्या काही न लिहिलेल्या अपेक्षा असतात. मुलाने वेळेवर यावे, आपले दप्तर आपण भरावे, आपली पाळी येईपर्यंत थांबावे, दुसऱ्याचे बोलणे ऐकून घ्यावे, गटात काम करावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समजले नाही तर तसे सांगावे. चूक करण्याची भीती ज्याला वाटते ते मूल विचारीत नाही. ही भीती बहुधा घरातूनच येते.

घरची भाषा

खारबाव परिसरातील पुष्कळ मुले घरी आगरी बोली बोलतात. त्या बोलीत ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ होतो आणि ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो. आदिवासी कुटुंबांतील मुलांची बोली आणखी निराळी असते. पहिलीत आलेल्या मुलाने तोंड उघडताच त्याला हसले गेले, तर ते मूल पुढे कित्येक महिने तोंड उघडीत नाही. पालकही आपल्या बोलीबद्दल संकोच बाळगतात आणि ‘आपल्याला शुद्ध बोलता येत नाही, आपण मुलाला काय शिकविणार’ असे म्हणून मागे राहतात.

हा संकोच निराधार आहे. मुलाला विचार करावयास, वर्णन करावयास आणि प्रश्न विचारावयास शिकविणारी पहिली भाषा ही घरची बोली होय. ज्या मुलाशी घरात भरपूर बोलले जाते, ज्याला आजीने गोष्टी सांगितल्या आहेत, ज्याला भाताच्या, माशांच्या, झाडांच्या जाती नावानिशी ठाऊक आहेत, त्याच्याजवळ शब्दांचा मोठा साठा असतो. त्या साठ्यावर प्रमाण मराठी चढविणे हे शिक्षकाचे काम आहे आणि ते सहज होते. पालकाने आपल्या बोलीतच, परंतु भरपूर बोलावे. शिक्षकाने त्या बोलीतील शब्द फळ्यावर लिहून त्याशेजारी पुस्तकातील शब्द लिहावा. दोन्ही शब्द मुलाचेच आहेत, हे त्याला समजले पाहिजे.

हा विचार याच भूमीत रुजलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी अंगणवाडी पाड्यावर नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शंख, शिंपले, बिया, पाने ही त्यांची शैक्षणिक साधने होती. मुलाच्या घरात आणि रानात जे आहे त्यातूनच शिक्षण उभे करता येते, हे कोसबाडने दाखवून दिले आहे.

निरक्षर पालकही शिकवू शकतो

‘आम्ही शिकलेलो नाही, मग आम्ही अभ्यास कसा घ्यावा?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. अभ्यास ‘घेणे’ म्हणजे मुलाला शिकविणे, अशी यामागे समजूत आहे. वस्तुतः घराने शाळेचे काम पुन्हा करावयाचे नसून त्याला आधार द्यावयाचा असतो. त्यासाठी पुढील गोष्टी कोणालाही करता येतील.

पहिली गोष्ट ऐकण्याची. रात्री जेवणापूर्वी दहा मिनिटे मुलाने पुस्तकातील एक उतारा मोठ्याने वाचावा आणि आईने भाकरी थापताना तो ऐकावा. आईला वाचता येत नसले तरी मूल अडखळते की सलग वाचते, हे कानाला कळते. वाचून झाल्यावर ‘मग पुढे काय झाले? तू असतास तर काय केले असतेस?’ असे दोन प्रश्न विचारावेत. मुलाला उत्तर सांगता आले तर त्याने समजून वाचले; सांगता आले नाही तर त्याने केवळ अक्षरे उच्चारली. एवढी परीक्षा कोणत्याही शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी आहे. मूल अडखळले तर ओरडू नये, ते वाक्य पुन्हा वाचावयास सांगावे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वीटभट्टीवरील मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते. रांगेत किती विटा, थरात किती रांगा, थर किती, असा गुणाकार तेथील माणूस रोज मनातल्या मनात करतो. गोदामातील कामगार खोक्यांची थप्पी मोजतो. मासळी विकणारी बाई वाटे लावते आणि सुट्टे पैसे परत देते. हे सर्व गणितच आहे. ‘एका थप्पीत सहा खोकी, तर आठ थप्प्यांत किती?’ असा प्रश्न बापाने मुलाला विचारला, तर पाठ केलेल्या सहाच्या पाढ्याला अर्थ येतो. रेल्वेस्थानकावर गाडीची वाट पाहताना वेळापत्रक वाचावयास सांगावे. गाडी येण्यास किती मिनिटे उरली हे विचारावे. मुलाला दुकानात पाठवून परत आलेल्या पैशांचा हिशेब तोंडी घ्यावा.

तिसरी गोष्ट जागेची आणि वेळेची. अभ्यासासाठी वेगळी खोली लागत नाही. घरातील एक कोपरा, बसण्यास चटई, पुरेसा उजेड आणि रोजची ठरलेली अर्धा-पाऊण तासाची वेळ एवढे पुरेसे आहे. त्या वेळेत दूरदर्शन संच बंद असावा आणि मोठ्या माणसांच्या हातातही मोबाईल नसावा. स्वतः पडद्याकडे पाहत मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणणाऱ्या पालकाचे बोलणे मूल ऐकत नाही, ते त्याचे वागणे पाहते.

चौथी गोष्ट झोपेची आणि न्याहरीची. यंत्रमाग आणि गोदामे रात्रपाळीतही चालतात, त्यामुळे घरातील दिवा उशिरापर्यंत जळतो आणि मुलेही जागी राहतात. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असे सुचविले. वर्ग उशिरा भरला तरी मूल उशिराच झोपले तर त्या निर्णयाचा उपयोग नाही. शाळेत दुपारचे भोजन मिळते म्हणून मुलाला सकाळी उपाशी पाठविणेही योग्य नव्हे. पोटात काही नसलेल्या मुलाचे लक्ष पहिल्या तासापासूनच भोजनाच्या घंटेकडे असते.

पाचवी गोष्ट धीर देण्याची. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस कायद्याने मनाई आहे. घरात मात्र ‘गुरुजींना सांगतो’ आणि ‘शाळेत टाकतो म्हणजे सरळ होशील’ अशी वाक्ये अजूनही ऐकू येतात. शाळा ही शिक्षा आहे, असा समज अशा वाक्यांनीच तयार होतो. शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करणेही तितकेच अपायकारक. मागील महिन्यात मुलाला काय येत नव्हते आणि आज काय येते, एवढीच तुलना करावी.

स्थलांतरित कुटुंबांची मुले

वर सांगितलेल्या सर्व गोष्टी घर एका जागी असण्यावर अवलंबून आहेत. दिवाळीनंतर वाडा, जव्हार, मोखाडा या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी व वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सारे कुटुंब राबते. अशा मुलाचे नाव एका गावच्या पटावर असते आणि ते स्वतः दुसऱ्या तालुक्यात भावंडाला कडेवर घेऊन उभे असते. या मुलाचे अर्धे शालेय वर्ष भट्टीवर जाते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. येथे पालकाला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे.

भट्टीवरील तात्पुरत्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालविल्या. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळेने भोंग्याकडे जावे, हे त्यामागील सूत्र. आज कायद्याने अशा मुलाला जवळच्या शाळेत कोणत्याही वेळी प्रवेश मिळू शकतो. शाळा सोडल्याचा किंवा वयाचा दाखला नाही या कारणास्तव त्याला परत पाठविता येत नाही. स्थलांतराच्या वेळी मूल कोणत्या इयत्तेत आहे व त्याला काय येते याची नोंद असलेले शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहे. मूल गावातच राहू शकत असल्यास त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोयही करता येते.

व्यवस्था आहे, ती उपयोगात येण्यासाठी माहिती वेळेवर पोहोचली पाहिजे. कोणत्या भट्टीवर किती कुटुंबे उतरली, त्यांत सहा ते चौदा वयाची मुले किती, ही माहिती सर्वांआधी ग्रामपंचायतीच्या सदस्यांना असते. ती त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे गेली, तर मुलाचे पाच महिने वाचतात. परतताना हमी पत्रक हाती दिले, तर मूळ गावच्या शिक्षकाला पुढचा धडा कोठून घ्यावा हे कळते.

शिक्षकांचे काम

शिक्षकाने पालकांची नियमित भेट घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती द्यावी, हे कायद्याने सांगितलेले कर्तव्य आहे. प्रत्यक्षात पालकसभा बहुधा दुपारी भरते. त्या वेळी पालक शेतावर किंवा पाळीवर असतात, आणि सभेला आलेल्या मोजक्या पालकांना सूचना वाचून दाखविल्या जातात. रोजंदारी बुडवून आलेल्या आईला तिच्या मुलाबद्दल एक वाक्यही ऐकावयास मिळाले नाही, तर ती पुढच्या सभेस येणार नाही.

यास उपाय आहेत. सभेची वेळ पालकांच्या सोयीने ठेवावी. वाडीवर किंवा पाड्यावर जाऊन लहान गटात बोलावे. गाऱ्हाणे सांगण्यापूर्वी मुलाची एक चांगली गोष्ट सांगावी आणि घरी करावयाचे एकच निश्चित काम द्यावे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले असून प्रगतिपुस्तकात श्रेणी व वर्णनात्मक नोंदी येतात. ‘नंबर कितवा आला?’ असे विचारण्याची सवय असलेल्या पालकाला या नोंदींचा अर्थ कळत नाही. ‘प्रगती समाधानकारक’ यापेक्षा ‘जोडाक्षरे वाचताना अडखळतो, रोज दहा मिनिटे वाचून घ्यावे’ ही नोंद पालकाच्या हाती काम देते. वाचता न येणाऱ्या पालकास ती वाचून दाखवावी. भ्रमणध्वनीवरील गटात संदेश टाकला म्हणजे पालकाला कळविले, असे समजणे धोक्याचे आहे.

राज्यात २०२२ मध्ये राबविलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानाने या दिशेने चांगला धडा घालून दिला. पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे भरवून भाषा, गणनपूर्व तयारी, शारीरिक विकास इत्यादी टेबलांवर मुलांकडून सोप्या कृती करून घेण्यात आल्या आणि वस्तीतील मातांचे गट करून घरी करावयाच्या कृती त्यांना दाखविण्यात आल्या. धान्य निवडताना मोजणे, कपडे घडी घालताना लहान-मोठे ओळखणे अशा कृतींसाठी साक्षरतेची गरज नसते. एकटी आई संकोचते. पाच-सहा आया एकत्र बसल्या की बोलू लागतात, हा या उपक्रमाचा खरा लाभ होय.

ग्रामपंचायत काय करू शकते?

शिक्षण हा विषय ग्रामसभेत बहुधा खोली, छप्पर, कुंपण यांच्या निमित्ताने निघतो. या गोष्टी आवश्यकच आहेत. त्यांबरोबर दर तीन महिन्यांनी एकदा ग्रामसभेपुढे दोन आकडे ठेवावेत. एक, गावातील किती मुले महिन्यात चार दिवसांहून अधिक गैरहजर होती. दोन, तिसरीतील किती मुले समजून वाचू शकतात. या आकड्यांत कोणाच्या मुलाचे नाव घेऊ नये, कोणाची मानहानी होऊ नये. आकडा समोर आला म्हणजे कारणे आपोआप चर्चेत येतात. रस्त्यावर अवजड वाहने धावतात म्हणून लहान मुलांना एकटे पाठवीत नाहीत, पावसात ओढ्यावरून जाता येत नाही, अंगणवाडीची वेळ जुळत नाही म्हणून मोठी बहीण घरी राहते, अशी ती कारणे असतात. त्यांतील पुष्कळशी पंचायतीच्या हातातील आहेत.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक साधा ठराव केला. रोज सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसावे, अशी ही पद्धत. त्यासाठी मोठा खर्च आला नाही. गावाचे एकमत मात्र लागले. प्रत्येक गावाने याचेच अनुकरण करावे असे नाही. जेथे पालक रात्रपाळीस जातात तेथे वेळ वेगळी ठेवावी लागेल, जेथे घर लहान आहे तेथे समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर दिवा लावून मुलांना बसवावे लागेल. ठरलेली वेळ साऱ्या गावाने पाळणे, एवढेच त्यातील सार आहे.

भाताच्या शेतीत कोणत्याही एका माणसाच्या बळावर आवणी होत नाही. आज या घरच्या खाचरात तर उद्या त्या घरच्या, असे सारे मिळून रोपे लावतात, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. मुलाची पहिली तीन-चार वर्षेही तशीच थांबत नाहीत. शिक्षकाने आपले चार तास पुरेपूर द्यावेत, पंचायतीने वाट मोकळी करावी आणि घराने उरलेल्या वीस तासांतील निदान एक तास मुलासाठी राखून ठेवावा. खारबावच्या एखाद्या घरात रात्री चुलीपुढे बसून एखादी मुलगी धडा वाचीत असेल आणि स्वतः कधी शाळेची पायरी न चढलेली तिची आई ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारीत असेल, तर त्या घरापुरते हे काम सुरू झालेले आहे.